एक मत आणि सतरा मालक

...आणि वर मलाच म्हणतात, देवा, तूच चढ मंडळाच्या स्टेजवर आणि सांग! बरं, चढलोय तर आधी माफी मागून घेतो. या कागदावर ऱ्हस्व-दीर्घ सगळं अंदाजाने टाकलंय, नववीत शाळा सुटली ती सुटलीच, आणि मोठाले शब्दही मला येत नाहीत, दुकानात लागतात तेवढेच येतात. तरी बरं, वाचणार मीच आहे, तुम्हाला चुका दिसायच्या नाहीत. पण तुम्हाला सांगतो, शुद्धलेखन सोडा, इथे माणसाला स्वतःचं एक मत स्वतः देऊ देत नाहीत हो! एक मत! ते काय काउंटरवरची बडीशेप आहे, येईल त्याने जाता जाता चिमूटभर उचलायला?

हसा, हसा. तुमच्यातलेच होते सगळे.

म्हणजे असं, की इथे व्हर्जिनियात, हर्नडनमध्ये आमच्या राजाराममामांचं किराणा दुकान आहे, हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुमच्या घरची भाजणी तिथूनच येते. मामांनी माझ्या आईसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज टाकला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि नंबर लागला तेव्हा वीस! आलो, दुसऱ्या दिवशी मामांनी एप्रन दिला आणि म्हणाले, "देवदत्ता, तुझं काम एकच. फळीवरच्या प्रत्येक मालाची तारीख बघायची. गेलेली असेल तर काढायचा, आणि तारीखच नसेल तर मुळात ठेवायचा नाही." सहा वर्षं तेच करतोय. गिऱ्हाइकाशी बोलताना माझे कान लाल होतात, पण तारखेत मी कुणाला ऐकत नाही.

गेल्या वर्षी शपथ घेतली, नागरिक झालो. आणि आमच्या त्या अपार्टमेंटात निमिषपासून हिमानीपर्यंत सतरा मराठी माणसं, सगळी पुण्या-मुंबईची, नागपूरची, सगळी शिकलेली आणि सगळी नोकरीच्या एच-वन व्हिसावर. म्हणजे मतं सगळ्यांना आहेत, मत कुणालाच नाही! सतरा जणांच्या शेजारात मत असलेला कोण? तर हा नववी नापास. तुम्हाला सांगतो, मत एक आणि मालक सतरा!

राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली आणि सप्टेंबरपासून सुरू झालं. लिफ्टमध्ये शिरलो की निमिष, "देवा, यार, तुला कळतंय का? व्हर्जिनिया या वेळी कुणाकडेही जाऊ शकतं. तू स्विंग व्होटर आहेस, पारडं फिरवणारा!" लाँड्रीत गेलो की हिमानी, "देवा, तो व्हिसाचा कोटा वाढवणारा कोण आहे ते नीट वाच हं, माझं व्हिसाचं सहावं, शेवटचं वर्ष चालू आहे." मामा वेगळेच. ते स्वतः नागरिक, त्यांचं स्वतःचं मत आहे, तरी त्यांना माझंही पाहिजे! "लहान धंद्याचा टॅक्स कोण कमी करतो ते बघ. मीठ कुणाचं खातोस?" मी म्हटलं, मामा, मीठ मी विकतो. हे मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं, "हो मामा."

मग एका रविवारी दुपारी निमिषच्या घरी मला पोह्यांना बोलावलं. मला वाटलं, पोहे आहेत. गेलो तर टीव्हीला लॅपटॉप जोडलेला, पडद्यावर हे एवढं मोठं एक्सेल, आणि सतराच्या सतरा जण गालिच्यावर! निमिष उभा, हातात लिंबू पिळायचा चमचा. "देवा, आपण इमोशनल व्हायचं नाही. डेटा बोलेल." ओळी बघा हां, व्हिसाचा कोटा चाळीस टक्के. ग्रीन कार्डाची रांग तीस टक्के. पेट्रोल पंधरा. टॅक्स दहा. दोन्ही उमेदवारांना प्रत्येक ओळीत मार्क, गुणाकार, खाली बेरीज, आणि ज्याची बेरीज जास्त त्याला मी डोळे मिटून मत द्यायचं! म्हणजे माझं बोट त्यांनी सतरा जणांत भाड्याने घेतलेलं.

मी शेवटची ओळ वाचली. "सैन्य, पाच टक्के." मी विचारलं, "हे पाचच का?" निमिष म्हणाला, "अरे, ते लांब आहे. त्याचा आपल्यावर डायरेक्ट इम्पॅक्ट नाही ना."

आता इथे मला जरा पाणी प्यायला पाहिजे.

कारण शुभाकाकू. तुमच्यातल्या जुन्या लोकांना माहीत आहेत. डॉक्टर अरुणकाकांच्या मिसेस, चौतीस वर्षं झाली त्यांना इथे येऊन. मी हे त्यांना विचारूनच सांगतोय, त्या बसल्यात तिसऱ्या रांगेत, म्हणून त्यांच्याकडे बघत नाही. त्यांचा अथर्व इराकमध्ये आहे. आपल्यातला, डॉक्टरांचा मुलगा, कॉलेज झाल्यावर स्वतःहून सैन्यात गेला. तेव्हा तुमच्यातलेच लोक डाळीच्या फळीशी कुजबुजायचे, "काय कमी होतं हो त्याला?" मला ऐकू यायचं, मी पलीकडे हिंगाच्या तारखा बघत असायचो.

तर काकू दर दुसऱ्या बुधवारी येतात आणि त्याच्या पार्सलसाठी लाडू नेतात. चकली पाठवली होती एकदा, तिकडे भाजणी पोचली! म्हणून लाडू. आणि दर वेळी तेच वाक्य, "देवा, लांबात लांब तारखेचे दे रे." पहिल्यांदा अथर्व जाणार होता एका वर्षासाठी. मग तीन महिने वाढले. मग घरी आला, आणि पुन्हा गेला. काकूंच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे, मी सामान पोचवायला गेलो की बघतो, त्यावर त्याच्या परतीच्या तारखेला पेन्सिलीने खुणा करतात आणि खोडतात. पेनने करत नाहीत.

आणि एक सांगू? मी इथे आलो तेव्हा मलाही एक फॉर्म भरावा लागला. सव्विसाच्या आतला पोरगा कायमचा राहायला आला की सैन्याच्या यादीत त्याने नाव द्यायचं. बोलावत नाहीत कुणाला, पण नाव पाहिजे. तुम्हा व्हिसावाल्यांना ते लागत नाही. माझी आई दोन दिवस जेवली नव्हती. म्हणजे गालिच्यावरच्या त्या गर्दीत डायरेक्ट इम्पॅक्टवाला मी एकटाच!

मी म्हटलं, "सैन्याचं शंभर करा."

निमिष म्हणाला, "मग बाकीच्यांचं?"

"शून्य."

"अरे पण मग शीटला काही अर्थच राहत नाही!"

"हो ना," मी म्हटलं. कान असे पेटले होते की शेव टाकली असती तर तळली गेली असती. पोहे तसेच ठेवून उठलो. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "आणि आपला कोटा?" तुम्हाला सांगतो, मत एक आणि मालक सतरा!

पण शंभर करून सुटलो असं वाटलं का तुम्हाला? खरी पंचाईत पुढेच! एक उमेदवार म्हणत होता, अमुक महिन्यांत पोरांना परत आणतो. दुसरा म्हणत होता, काम पुरं होईल तेव्हा येतील, तारीख सांगणार नाही. मी म्हटलं ज्याचं पोरगं तिकडे आहे त्यालाच विचारावं. भाजीची पिशवी घेऊन काकूंकडे गेलो, तर दारात अरुणकाका. निवृत्त झाले तरी अजून पेशंटकडे बघावं तसंच बघतात. मी सरळ विचारलं. काका म्हणाले, "तारीख सांगितली की समोरचा शत्रू त्या तारखेची वाट बघत बसतो. युद्ध म्हणजे तुझं पनीर नव्हे, देवदत्त!" आणि काकू आतून म्हणाल्या, "अथर्वनेही तेच लिहिलंय. अर्धं सोडून आलो तर पुन्हा जावं लागेल, असं." मग म्हणाल्या, "मला विचारशील तर तो उद्या यावा. पण मी काय, आई आहे."

एका घरात दोन मतं, आणि इराकमधून आलेलं तिसरं! मी पिशवी हातात धरून तसाच उभा. कोथिंबिरीचं पाणी बुटावर ठिबकतंय. आणि माझ्या तोंडून निघालं, कसं निघालं देवाला ठाऊक, "काका, तुमचं बरोबर असेल. मला लढाईतलं कळत नाही. पण बिनतारखेचा माल मी फळीवर ठेवत नाही. तो खराब असतो असं नाही, चांगलाही असेल. पण तारीख लिहिलेली असली आणि ती चुकली, तर कंपनीला फोन करून विचारता येतं, का हो? तारीखच नसेल तर विचारायचं काय आणि कुणाला? तुमचं पोरगं नेलंय, तर निदान आणायचा दिवस लिहून द्या की!"

काकांनी चष्मा काढला, पुसला, म्हणाले, "तुझं मत आहे. तू दे." सप्टेंबरपासून हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं हो!

मग चार नोव्हेंबर. शाळेत मतदान. किती वर्षांनी मी शाळेत गेलो! दीड तास रांग, पडद्यावर बोट ठेवलं, झालं. बाहेर येताना मी आपला डावा हात पुढे केला, बोट वर. टेबलावरच्या म्हाताऱ्या बाई घाबरल्या, "ओ हनी, लागलं का तुला?" आणि बँडेड काढलं! मी म्हटलं, "नो, नो, इंक." त्यांना वाटलं पेन पाहिजे. शेवटी 'मी मत दिलं' असं लिहिलेला एक स्टिकर दिला, तो शर्टावर लावला आणि दुकानात आलो. मामा स्टिकरकडे बघून म्हणाले, "कुणाला?" मी म्हटलं, "मामा, मूग संपलेत."

आणि जिंकला तो, तारीख देणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं तर निमिष आणि कंपनी ऑफिसच्या आधी हजर, "देवा, आपण जिंकलो!" आपण! मी म्हटलं, पण तुमच्या शीटमध्ये तर दुसरा पुढे होता. निमिष म्हणाला, "अरे, ते मी नंतर रिवाइज केलं." पेढे घेऊन गेले, माझ्या नावावर लिहून.

मग काकू आल्या. बुधवारच होता. काका बाहेर गाडीत, इंजिन चालू. मी लाडवांचा डबा काढला, सवयीने उलटा करून तारीख बघितली. दहा जानेवारी. काकूंनीही बघितली. म्हणाल्या, "नवा माणूस खुर्चीत बसतो वीस जानेवारीला. त्यानंतर त्याचे ते महिने सुरू होणार... याहून लांबचे नाहीत का रे?"

काय करणार! मी, मत देऊन आलेला माणूस, आत गेलो आणि मागची खोकी उपसायला लागलो. तळाशी मार्चचे सापडले. आणून ठेवले. काकूंनी तारीख वाचली, पर्समध्ये चष्मा ठेवला आणि म्हणाल्या, "दोन डबे दे."

दिले.