कुठलं बोट?

(बालवाडीचं ऑफिस. मुलं शेजारच्या खोलीत झोपली आहेत.)

बाबा : सव्वादहाला तो पोरगा माझ्या मुलीच्या दंडाला चावला. आणि तुम्ही लगेच काय घेतलंत, तर मतदान!

ताई : मतदान कसलं हो. गोल करून बसलो आणि विचारलं, उद्यापासून तो गोलात बसेल की दाराशी, एकटा?

मोठ्या बाई : ताई, या पोरांना अजून आपलं नाक पुसता येत नाही.

ताई : नाक मी पुसते, बाई. पण चावतो तो त्यांना. शेजारी बसायचंय तेही त्यांनाच.

बाबा : मग? काय निकाल लागला म्हणे?

ताई : गोलातच बसू दे. पण राग आला की चावायचं नाही, 'भों' करायचं. मग बाकीच्यांनी सरकायचं.

मोठ्या बाई : भों?

ताई : गाडीचा हॉर्न. त्यांनीच ठरवला.

बाबा : वा! चोर सोडून संन्याशाला फाशी. तो मांडी ठोकून बसणार, सरकणार माझी मुलगी. तिला विचारलंत?

ताई : आधी तिलाच. 'बसू दे' असेल तर बोट वर कर, म्हटलं. तिनं केलं.

बाबा : शक्यच नाही. कुठलं बोट?

मोठ्या बाई : ताई, कुठलं?

ताई : करंगळी.

बाबा : अहो, मग तिला शू लागली होती! तुम्हीच शिकवलंय ना? बाई, हसताय काय?

मोठ्या बाई : नाही, नाही. बोला.

ताई : मलाही तेच वाटलं. घेऊन गेले. बसली, उठली. काही झालं नाही.

बाबा : घाबरलं पोर की होत नाही.

ताई : असेल. म्हणून ते बोट मी होकार म्हणून धरलं नाही. ती 'नको' म्हणाली, तर बाकीच्यांचं 'बसू दे' चालणार नाही.

मोठ्या बाई : आणि दाराशी बसवलं की त्याची आई नाव काढून घेणार. ही तिसरी बालवाडी त्याची.

बाबा : उठवा तिला. माझ्यासमोर विचारा.

ताई : तुमच्यासमोर ती तुमचं उत्तर देईल.

बाबा : आणि तुमच्यासमोर तुमचं.

ताई : ...खरंय.

मोठ्या बाई : मग विचारणार कोण?

ताई : मुलंच विचारतील. उद्या, गोलात. मी मागे बसते.

बाबा : 'नको' म्हणाली तर?

ताई : त्याच्या आईला मीच फोन करीन.

बाबा : आणि 'बसू दे' म्हणाली तर?

ताई : तर घरी तिला कुणी रागवायचं नाही.

बाबा : ...गोल किती वाजता बसतो?