पारासमोरचा पाळणा

पौडला एस्टीची वाट बघत बसलेल्या माले गावच्या गोजराबाईच्या कानावर मघापासून दोघांची हुज्जत पडत होती. एक जत्रेतला पाळणेवाला धुळाजी, दुसरा रेवडीवाला गेणबा.

"मालेच्या जत्रेत दम न्हाई राह्यला, गेणबा. पाळणा रिकामाच फिरतोय."

"माज्या रेवड्या तर दुपारीच सपल्या! माणूस लई हाय."

"मग बाया लांबूनच का बघत्यात?"

गोजराबाईला राहवेना. "पाळणा कुटं लावतुयास, बाबा?"

"पारासमोर. मोक्याची जागा!"

"पारावर समदे सासरे बसत्यात. त्यांच्याम्होरं सुना वर जाऊन किंचाळतील व्हय?"

धुळाजी म्हणाला, "देवळामागं लावू?"

"लाव की."

"पर तितं सासवा बसत्यात."

"त्यांची काळजी नगं करूस," गोजराबाई पदर खोचत म्हणाली. "पयल्या फेरीला आमीच बसू."