बारा वाव दोर

तेरेंगानूच्या धक्क्यावर दोरखंडाच्या दुकानात मी रांगेत होते. माझ्यापुढे एक म्हातारे कोळी, गल्ल्यावर सेनाताई. आजच शाळेत एककं शिकले होते, माझी जीभ नुसती शिवशिवत होती!

“नांगराला बारा वाव दोर दे.”

“मीटरमध्ये सांगा ना, काका.”

“आमच्या लिमाहनं दोन्ही हात पसरले की एक वाव.”

“तुमचेच पसरा की!”

“माझे लांब आहेत. आमच्या नांगर टाकायच्या जागेची खोली तिच्याच हातांनी मोजलेली.”

“मग काकूंनाच आणा.”

“रमजानात गेली ती.”

“या अल्ला! माफ करा, काका… कुठवर पोचायचे त्यांचे हात?”

“माझ्या पसरलेल्या हातांवर तिचे हात ठेवले, तर इथे, मनगटापर्यंत.”

“थांबा, टेप लावते. बरोबर दीड मीटर. म्हणजे अठरा मीटर कापू?”

“दीडच? एवढीशी होती ती?”