एका लाईनीत तिघं

तेच सांगून राह्यलो ना भाऊ, गेम नाई खेळून राह्यलो मी, वेबसाईट हाये हे — आमच्या घरची. हसा तुम्ही. माझी बायको नलू, थेबी हसलती — म्हणे, रिटायर झालेल्या माणसानं भाजी आणाव, दुपारी झोपाव, हे काय धरलं? मी रूपराव, एसटीच्या आर्वी डेपोत बत्तीस वर्षं कंट्रोलर होतो, कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागते ते झोपेत सांगतो. आत मोठे दादा हायेत — महादेवदादा — मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं काल, आज पट्टी काढून राह्यले. त्यायच्या संगं मधला, वासुदेवभाऊ. एकालेच आत सोडते म्हणून मी इथं बाकावर. तुमचं कोण हाये आत? आई? होते बरी, या सावंगीच्या दवाखान्यात लोक लांबलांबून येते, टेन्शन घेऊ नका. पण हे पाहा — नाई, जवळ या, स्क्रीनवर ऊन पडते — मोबाईल आडवा धरला का हे तीन फोटो दिसून राह्यले ना बाजूले बाजूले? हे एका लाईनीत आणाले मले तीन महिने लागले. खरं सांगाल त नऊ वर्षं.

नऊ वर्षं हे दोघं एकमेकाशी बोलत नव्हते ना. लग्न-साक्षगंध असो का मयत, एक या दारानं आला का दुसरा त्या दारानं निघे. काऊन? एक पत्रिका, लग्नाची. वासुदेवभाऊच्या अंकिताचं लग्न होतं, अन् पत्रिकेत खाली निमंत्रक म्हणून मोठ्या दादाचं नावच नाई. घरातल्या मोठ्या माणसाचं. दादा लग्नाले आला नाई, भाऊ समजवाले गेला नाई, खतम. छापखान्याची चूक — म्हणजे आपण असं म्हणतो. तर यंदा आई — तानाबाई, चौऱ्यांशी वर्षाची हाये, दादापाशी रोहण्याले राह्यते — मले म्हणे, रूपा, मले तुमाले तिघायले एकडाव एका लाईनीत पाह्यचं हाये. आता हे दोघं संगं उभे राह्यतीन काय? नाई राह्यत. मी म्हणलं, माणसं नाई त नाई, फोटो तर उभे राह्यतीन.

जागृती म्हणून पोरगी हाये आमच्या आर्वीले, कॉम्प्युटरचा क्लास घेते, लय हुशार. तिच्या क्लासात सगळे वीस-बावीस वर्षाचे, अन् मधात मी, टिफिन घेऊन. पहिल्या दिवशी तीन फोटो टाकले त एकाखाली एक, एकाखाली एक. दादाचा एवढुसा पासपोर्ट फोटो, पण आख्खी लाईन अडवून बसला, बाजूले कोणाले येऊ देत नाई. मी म्हणलं, हा कॉम्प्युटर आमच्या खानदानाले वळखते. जागृती म्हणे, काका, ते पहिलेपासून तसेच राह्यते, लाईनीत याले त्यायले डिस्प्ले फ्लेक्स म्हणून सांगा लागते. मंग मी सांगतलं — दादाच्या फोटोले फ्लेक्स लिवलं, भाऊच्या फोटोले फ्लेक्स लिवलं, माझ्याबी फोटोले. कोणी हालाले तयार नाई. आठ दिवस गेले भाऊ, आठ दिवस. शेवटी पोरगी बाजूले येऊन बसली, म्हणे, काका, पोरायले कायले सांगता, ज्या डब्यात ते तिघं हायेत त्या डब्याले सांगा. बापाले सांगतलं का पोरं आपोआप लाईनीत येते. आता आमचा बाप कवाच गेला, त्याले कोण सांगन? पण डब्याले लिवलं — अन् तिघं एका झटक्यात बाजूले बाजूले. मी रडलो. क्लासातच. पोरायले वाटलं काकाचं बीपी वाढलं, एका पोरीनं पंखा माझ्याकडे फिरवला.

मंग चटक लागली. जस्टिफाय कंटेंट म्हणून एक हाये — म्हणजे उरलेली जागा कशी वाटाची. स्पेस बिटवीन केलं त दादा त्या टोकाले, भाऊ या टोकाले, मधात मी एकटा, दोन्हीकडे वावर रिकामं. म्हणलं, हे त घरी फुकट चालू हाये, याच्यासाठी फी काऊन भरू? सेंटर केलं, तिघं मधात आले. मंग जागृतीनं रॅप शिकवलं — जागा कमी पडली त शेवटचा खालच्या लाईनीत उतरते, कोणी कापल्या जात नाई. अन् ऑर्डर शिकवलं. तुम्ही लिवताना कोणाले कोठीबी लिवा, पण मायनस वन दिलं का थो सगळ्यायच्या पुढे. मी पाहाले म्हणून माझ्या फोटोले देऊन पाह्यलं. पाहाले म्हणून. काढाचं राहून गेलं. अन् तसंच, घरच्या ग्रुपवर लिंक टाकून मोकळा झालो. दुपारचं जेवण करून झोपलो.

उठलो त सतरा मिस कॉल. झालं काय होतं — दादाचा फोटो बारका, अन् माझा निरोप समारंभाचा, शाल-श्रीफळ घेऊन आख्खा उभा. फ्लेक्सचं असं राह्यते का जो सगळ्यात उंच, त्याच्याइतके बाकीचे ताणल्या जाते, कोणी सांगतलं नसलं तरी. तर दादाचं तोंड झालं दोडक्यासारखं. कपाळ तिथं अन् हनुवटी इथं. दादाले वाटलं वासुदेवानं माझ्या हातून मुद्दाम करवून घेतलं. अन् वासुदेवभाऊनं वर्ध्याले बसून मोबाईलवर पाह्यलं — त्या बारक्या स्क्रीनवर मी अन् दादा वरच्या लाईनीत, भाऊ एकटा खाली, पायरीवर बसवल्यासारखा. त्याले वाटलं महादेवानं मुद्दाम करवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता दादा ऑटो करून माझ्या घरी हजर, संगं आई. साडेदहाले भाऊची मोटरसायकल. नऊ वर्षांत पहिल्यांदा दोघं एका खोलीत. दिवाणाच्या दोन टोकाले बसले, अन् मधात मी लॅपटॉप घेऊन — हाव, बरोबर बोलले, स्पेस बिटवीन.

दादा भाऊकडे न पाहता मले म्हणे, त्याले सांग, माझं तोंड असं हाये काय? भाऊ मले म्हणे, त्याले सांग, मी काय नोकर हावो खाली बसाले? मी दोघायले समजवून राह्यलो का बाबा हे ताणणं म्हणजे अलाईन आयटम्स हाये, हे खाली उतरणं म्हणजे रॅप हाये, यात कोणाचा हात नाई. आईनं चष्मा पुसला, लॅपटॉप पाह्यला, म्हणे, महादेव एवढा लांब कवा झाला? म्या म्हणलं, आई, थो लांब नाई झाला, स्ट्रेच झाला. आई म्हणे, याले डॉक्टरले दाखवा. मंग मी अलाईन आयटम्स फ्लेक्स स्टार्ट लिवलं, म्हणजे ज्याची त्याची उंची, दादा जाग्यावर आला. पण दादाले पटे ना, म्हणे मले अजूनबी धुकटच दिसून राह्यलो मी. वासुदेवभाऊनं मोबाईल त्याच्या तोंडापुढे धरला — स्वतः उठून धरला, मी सांगतलं नाई — म्हणे, दादा, आता? आता दिसते? दादा म्हणे, नाई. भाऊनं जवळ नेला, दूर नेला. मंग दादाचा डोळा वर करून पाह्यला, म्हणे, अरे, फोटो बरोबर हाये, तुझ्या डोळ्यात मोतीबिंदू हाये. म्हणून आज आपण इथं बसलो. नंबर त्यानंच लावला, आणलंबी त्यानंच.

आईनं काय केलं? आईनं लॅपटॉप बंद केला न् नलूले म्हणे, तिघायचंबी ताट इथंच आण. बस. पण जेवताना दादा बोललाच, म्हणे, वासुदेवा, फोटोचं सोड, पत्रिकेत माझं नाव काऊन काढलं तू? भाऊ म्हणे, म्या त छापाच्या आंधी पत्रिका पाह्यलीच नाई, ते काम रूपाकडे होतं. दोघं माझ्याकडे पाहाले लागले. मी म्हणलं, छापखान्याची चूक होती. अन् दोघायनं हाव म्हणून मान हालवली ना जी, एकदम संगं. दादा म्हणे, नऊ वर्षं वाया गेले एका छापखान्यापायी. आता थो छापखानेवाला वारला बिचारा, त्याले कोण विचारते? त्याची चूक नव्हतीच म्हणा. चांगला माणूस. त्यानं फोन करून विचारलतं मले — रूपरावजी, एक नाव बसत नाई, कोणतं काढू? शेवटचं माझं होतं. शेवटचं काढ म्हणलं असतं त काम झालं असतं. पण मी — दादाचं नाव सोसायटीच्या बोर्डावर, शाळेच्या बोर्डावर, भाऊचं घरावर पितळेचं. मी बत्तीस वर्षं भोंग्यातून गावायचे नावं घेतले, माझं नाव कोठी छापून आलं नव्हतं. मले वाटलं, दादाले काय फरक पडते. मी म्हणलं, वरचं काढ.

असे काऊन पाहून राह्यले तुम्ही? जागाच कमी होती ना. तवा रॅप कोणाले माहीत होतं? सांगन मी त्यायले. सांगाचंच हाये. डोळा बरा होऊ द्या, आई हाये तवर दोघायचं येणं-जाणं जमू द्या, घाई कायची. जागृती म्हणते — जाऊ द्या, तिलेबी सांगतलं नाई मी हे. तुमालेच कसं सांगून बसलो काय माहीत, तुम्ही त वेबसाईटचं विचारलतं.

आले. थे पाहा, काळा चष्मा घातलेले, थे दादा. हात धरून आणून राह्यला थो वासुदेवभाऊ. उठा जरा. उठा ना भाऊ, त्यायले जवळ जवळ बसू द्या, मी उभा राह्यतो. — या दादा, हळू, इथं बाक हाये. काय म्हणे डॉक्टर? — हे? कोणी नाई, वासुदेवभाऊ, त्यायची आई हाये आत. — नाई दादा, काही नाई सांगून राह्यलो. वेबसाईट दाखवून राह्यलो. त्यायले समजलीबी नाई.

तुमाले बलावून राह्यले वाटते आतून. जा ना जी.