रुमालाखालचा सौदा

...नाही, औषध कडू असतं तर मी समजले असते हो, पण स्ट्रॉबेरीचं औषध, वास असा की मलाच चाटावंसं वाटतं, आणि हे आमचे दोन गिनिपिग, चिकू आणि पपनस, मूठभर जीव, पण तोंड असं मिटून बसतात, जणू आम्ही फ्लॅट नावावर करून मागतोय. तुम्हाला सांगते, सोफ्याखाली मी दिवाळीच्या साफसफाईतसुद्धा एवढी शिरत नाही.

झालं काय, दोघांना सर्दी. छातीत घरघर. आमच्या जुईनगरच्या डॉक्टर संघमित्रा मॅडम म्हणाल्या, "सकाळ-संध्याकाळ सिरिंजने पाजा. ही एकदा खायची थांबली ना, की आपल्या हातात फार वेळ राहत नाही." माझी सुनयना, नववीतली, आधीच घुमी पोर, तिथेच डोळे भरले. घरी आलो तर आमचे सासरे, हौसेरावआबा, मूळचे साताऱ्याचे, सगळी हयात वाशीच्या फळबाजारात हापूसचे सौदे केलेले, म्हणतात, "आण हिकडं. माझ्या रुमालाखाली आलेला गडी नाही म्हणून कधी गेला न्हाय."

रुमाल माहितीय ना? बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात, आत बोटं दाबून ठरवतात, बाकीच्यांनी बघायचं नाही. तर पपनस मांडीवर, वरून रुमाल, आत सिरिंज, आणि सुरू. "बोला शेठ... हां... एवढं घ्याच... आता कसं..." आतून त्याने बोट चावलं, तर आबा कळवळायचं सोडून मान डोलावतात, "भाव वाढवतोय गडी." मी म्हटलं, आबा, जरा बघू का, तोंडात गेलं का ते? डोळे वटारले. "उज्वला, रुमालाखाली बघत्यात व्हय?"

सिरिंज बाहेर आली ती रिकामी. मग चिकूचा नंबर, तीही रिकामी. आमच्या ह्यांनी, रणजीतने, लगेच व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, अंगठेच अंगठे.

आणि रुमाल धुतं कोण? मी. गुलाबी, चिकट, बादलीत बुडवला तर अख्खी बादली स्ट्रॉबेरी. म्हणजे औषध कुठे जात होतं, कळलं तुम्हाला? मलाही कळलं. पण आबांना सांगणार कोण?

ह्यांना म्हटलं, तुम्ही सांगा. हे म्हणतात, "मी? मला अजून ते 'पोरा' म्हणतात. तू सांग, तुझं ऐकतात." माझं? दूध उतू जातंय म्हटलं तरी पेपरातून मान वर येत नाही. इकडे चिकू निदान गवत तरी कुरतडत होता, पपनसने कोथिंबीर सोडली. कोथिंबीर हो... एरवी पिशवी नुसती सळसळली तरी शिट्ट्या मारून घर डोक्यावर घेणारा, तो कोपऱ्यात, केस फुगवून, डोळे अर्धे मिटून. सुनयना जेवेना. आणि आबा रोज दोन्ही वेळा सौदा जिंकतायत. सांगणार कोण?

त्या संध्याकाळी आबांनी रुमाल टाकला, "बोला शेठ..." आणि सुनयना उठली. शेजारी जाऊन बसली आणि आपला हात सरळ रुमालाखाली घातला. रुमाल हलला... थांबला... परत हलला. नंतर मला म्हणाली, आबांचं बोट धरून पपनसच्या हनुवटीखालच्या ओल्या केसांवर टेकवलं, आणि मग रुमालाच्या ओल्या कडेवर. आबांचा चेहरा? काही नाही. बाजारातला चेहरा तो, मिशी हलेल तर शपथ. मग "हां... जमलं," म्हणाले, आणि सिरिंज तिच्या हातात गेली असणार, कारण आतून चुटूचुटू आवाज यायला लागला. गालाच्या कडेने, थेंबाथेंबाने. रुमाल काढला तर कोरडा. पपनस ओठ चाटतोय.

पुढे दोन-तीन दिवसांनी मी फ्रिजमधून कोथिंबिरीची पिशवी काढली आणि मागून शिट्टी. सुनयना पळत आली, हसतेय का रडतेय कळेना, मला नुसतं घट्ट धरून ठेवलं.

छान झालं म्हणता? कुठलं छान. आबा आता बिल्डिंगभर सांगत फिरतात, "औषध पाजणं म्हंजी सौदा असतोय." काल बेल वाजली, दारात वरच्या मजल्यावरच्या सुचिताताई, कडेवर भलामोठा बोका. "जंताचं औषध घेतच नाही हो, आबा आहेत का?" आबा रुमाल झटकतच बाहेर आले. बोक्याने नखं काढली. मी सुनयनाकडे बघितलं, तिने माझ्याकडे. सांगणार कोण?

मी आपली आत गेले आणि कापूस-हळद घेऊन आले.