डक्टमधून ऐकलेला तिसरा तलाक

मी, सनिय्या अब्दुलमौला शल्बी, वय ५३ वर्षे, नवऱ्याचे नाव फत्हल्लाह रमादान बद्र, धंदा घरी बसून चादरींच्या कडा शिवणे, राहणार विणकर गल्ली, घर क्रमांक ९, तिसरा मजला, डावे दार, शहर महल्ला अल-कुब्रा. आज शुक्रवार, दिनांक २५ मार्च २०२२ रोजी दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी सव्वीस वर्षे राहत आहे. त्याच मजल्यावर उजव्या दारी वजीह सबरी, धंदा फ्रीजदुरुस्ती, व त्याची बायको नजला, बालवाडीतली बाई, असे दोघे राहतात. त्यांना मूलबाळ नाही. त्यांच्या व आमच्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. डक्ट जेमतेम चार हात रुंद आहे. तिकडे कोणी चूळ भरली तरी इकडे कळते. माझा नवरा त्या खिडकीला माझा रेडिओ म्हणतो. मी मुद्दाम कान लावते असे त्याचे म्हणणे आहे, आणि ते अगदीच खोटे नाही.

वजीहने नजलाला यापूर्वी दोनदा तलाक दिलेला आहे. पहिला चार वर्षांपूर्वी तिच्या मामासमोर, दुसरा गेल्या बकरी ईदला जिन्यात, सगळ्या इमारतीच्या देखत. दोन्ही वेळा इद्दतची तीन महिन्यांची मुदत संपायच्या आत त्याने तिला परत घेतले आणि माजूनकडे, म्हणजे निकाह-तलाक नोंदवणाऱ्याकडे, जाऊन तसे कागदही केले. तिसऱ्यानंतर परत घेता येत नाही. तिसऱ्यानंतर ती त्याला हराम होते, हे आमच्या गल्लीत कोणाला सांगावे लागत नाही.

सोमवार, दिनांक १४ मार्च रोजी सकाळी पावणेआठच्या सुमारास मी बाथरूममध्ये पडदा भिजत घालण्यासाठी गेले होते. नळ अजून सोडला नव्हता. पलीकडे वजीह दाढी करत होता व काहीतरी गुणगुणत होता. त्याने गुणगुणणे थांबवले आणि म्हणाला, "नोकरी सोडणार नाहीस ना? नक्की? बरं. मग तुला तलाक दिला मी. टॉवेल दे." त्यानंतर तो पुन्हा गुणगुणू लागला. हे शब्द मी स्वतःच्या कानांनी ऐकले. तो ओरडला नाही. त्याचा आवाज चढला नव्हता. मीठ मागावे तसा त्याने टॉवेल मागितला.

पडदा बादलीत तसाच टाकून मी बाहेर आले.

तो आठ वाजता कामावर गेला आणि लगेच नजलाने आमचे दार वाजवले. तिच्या हातात तो ओला टॉवेल होता. ती म्हणाली, "मावशी, ऐकलंत ना तुम्ही?"

मी म्हणाले, "नाही गं बाई. नळ चालू होता. काय झालं?"

तिने माझ्या हातांकडे पाहिले. हात कोरडे होते. मग ती आपल्या घरी गेली. मी कानांवर हात ठेवले ही गोष्ट खरी आहे आणि ती मी कोणाच्या सांगण्यावरून केली नाही.

बुधवारी, दिनांक १६ रोजी, वजीह मला जिन्यात भेटला. मी पाव घेऊन वर येत होते, तो उतरत होता. त्याच्या हातात तांब्याची नळी कापायचे हत्यार होते. तो म्हणाला, "मावशी, बायको काहीबाही सांगत फिरतेय. मी एका मशिदीतल्या शेखना विचारून आलोय. राग इतका होता की जमीन कुठे, आभाळ कुठे, कळत नव्हतं. असल्या रागातला तलाक पडतच नाही, म्हणाले. कागदावर तर नाहीच नाही. म्हणजे सरकारकडूनही मोकळा आणि वरूनही." मग हसून म्हणाला, "तुमचे कान बरे आहेत ना? या वयात जपावेत."

मी म्हणाले, "बरे आहेत, बाळा." तो उतरून गेला. पावाची पिशवी मांडीवर घेऊन मी तिथेच बसून राहिले.

त्या शेखना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर जे मांडले त्याचे त्यांनी उत्तर दिले.

शनिवारी, दिनांक १९ रोजी, दुपारच्या नमाजनंतर मी आमच्या मशिदीतले शेख बदावी यांना बायकांच्या बाजूच्या पडद्याआडून विचारले. दुसऱ्या कोणाची गोष्ट आहे असे सांगून विचारले. मी म्हणाले, "एका बाईने नवऱ्याच्या तोंडून तिसरा तलाक ऐकला. तो शुद्धीवर होता, शांत होता. पण कागद नाही, आणि तो आता नाही म्हणतो. सरकारी कायद्याने ती बायकोच. मग तिने काय करावं?"

शेख म्हणाले, "काझीला बाहेरचं दिसतं, पोरी. साक्ष असेल तर साक्ष, कागद असेल तर कागद. त्यावर तो निकाल देतो, आणि त्याने तसाच द्यायला हवा. पण तिने जर स्वतःच्या कानांनी ऐकलं असेल आणि तिची खात्री असेल, तर काझीच्या निकालाने हराम हलाल होत नाही. तिने त्याला जवळ येऊ देऊ नये. सुटायचा मार्ग शोधावा."

मी विचारले, "आणि ती राहिली तर?"

ते म्हणाले, "का राहिली, कशी राहिली, ते अल्लाह जाणे. भीतीने राहिली असेल तर तो दयाळू आहे. पण ज्याला कळलंय त्याने कळलं नाही असं धरू नये."

मी विचारले, "आणि भिंतीपलीकडून दुसऱ्या कोणी ऐकलं असेल तर?"

ते म्हणाले, "साक्ष लपवणाऱ्याचं मन पापी, असं किताबातच आहे. हा दुसरा कोणी कोण?"

मी चपला घालून निघून आले. आणखी एक गोष्ट विचारायची होती, ती विचारली नाही.

दिनांक १४ ते आजपर्यंत अकरा दिवस नजला त्याच घरात होती. ती पुढच्या खोलीत दाराला खुर्ची लावून झोपे. खुर्ची ओढल्याचा आवाज मला रोज येत असे. मी रोज ठरवत असे की उद्या जाऊन सांगेन.

आज जुम्म्याची नमाज सुटल्यावर, एक वाजून वीस मिनिटांनी, मी स्वयंपाकघरात कोबीच्या पानांत भात भरत होते. पलीकडे काहीतरी फुटले. नजला धावत बाथरूममध्ये गेली व तिने कडी लावली. वजीह बाहेरून दारावर लाथा मारत होता. "कागदावर माझी बायको आहेस तू! जा, कुठल्या कोर्टात जायचंय तिथे जा. कोण बोलणार तुझ्या बाजूने?"

नजला म्हणाली, "कोर्टात काय व्हायचं ते होऊ दे. वर मी काय तोंड दाखवू?"

"वर मी बघून घेईन. तू दार उघड."

मग तिने डक्टच्या खिडकीशी येऊन हाक मारली, "मावशी! आज तरी ऐका हो!"

मी पोलिसांच्या १२२ नंबरवर फोन लावला. माझा नवरा म्हणाला, "ठेव तो फोन. लोकांच्या घरातल्या भानगडी. रमजान आठ दिवसांवर आलाय आणि तुला पोलीस सुचतात?" मी फोन ठेवला नाही. माझे हात भाताने बरबटलेले होते, त्यामुळे नंबर दोनदा चुकला.

पोलीस एक पन्नासला आले. तोपर्यंत बाथरूमच्या दाराची खालची फळी तुटलेली होती. वजीहने त्यांना दुसऱ्या तलाकनंतर परत घेतल्याचा कागद दाखवला. नजलाच्या पायात एकच चप्पल होती. सर्वांना ठाण्यात आणण्यात आले.

येथे मला साहाय्यक अधिकारी हातेम साहेबांनी समजावून सांगितले की, वजीह तिला घरी न्यायला मागतो. कोर्टात तिसरा तलाक सिद्ध होईपर्यंत कागदच धरला जातो. ऐकणारा साक्षीदार असेल तर तिला आजच मामाकडे पाठवता येईल व दावाही उभा राहील. नसेल तर नवराबायकोचे भांडण म्हणून समज देऊन दोघांना घरी सोडावे लागेल. ते म्हणाले, "मावशी, इथे अल्लाहचं रजिस्टर नाही. इथे सरकारचं आहे. त्यात काय लिहायचं ते तुम्ही सांगा."

मी वर लिहिल्याप्रमाणे ऐकलेले सर्व सांगितले.

त्यावर साहेबांनी विचारले, "तुम्ही तिला आधी नाही म्हणालात. आता हो म्हणता. त्याचा वकील तुम्हाला दोन मिनिटांत सोलून काढेल. आणि तो रागात नव्हता हे तुम्हाला भिंतीपलीकडून कसं कळलं? चेहरा पाहिलात?"

मी चेहरा पाहिला नाही.

"मग? काहीतरी कारण द्या. नाहीतर हा कागद कुचकामी आहे."

मी दार लावून घेण्याची विनंती केली. बाहेर बाकावर माझा नवरा बसला आहे व माझी पिशवी त्याच्या मांडीवर आहे. साहेबांनी उठून दार लावले. मी पाणी मागितले, ते दिले. साहेबांनी "राहू दे का?" असे विचारले. मी म्हणाले, "लिहा." मला फार भीती वाटत होती आणि अजूनही वाटते.

तो आवाज मी ओळखते. सन २००३ च्या थंडीत एका सकाळी माझा नवरा गिरणीत जायला निघाला होता. त्याला बसचा पास सापडत नव्हता. त्यापूर्वी त्याने मला दोनदा तलाक देऊन परत घेतले होते. तो उशा उचलून बघत म्हणाला, "कुठे ठेवतेस कोण जाणे. तुला तलाक आहे, जा. हा बघ, सापडला." आणि तो गेला. तो रागात नव्हता. संध्याकाळी आला तेव्हा मी म्हणाले, "आज तिसरा झाला." तो पाव मोडत म्हणाला, "कोणी ऐकलं? कागद कुठाय?" मग हसला. तो मनाने वाईट माणूस नाही. त्याला आता ते आठवतही नसेल.

तेव्हा मला दोन मुली होत्या, आई वारली होती. मी कोणाला सांगितले नाही. एकोणीस रमजान मी त्याच्यासाठी पहाटेचे जेवण करून त्याला उठवले आहे. प्रत्येक नमाजला उभी राहिले की माझे हातपाय गार पडतात. सन २००५ मध्ये मला तिसरी मुलगी झाली. तिचे नाव या जबाबात लिहू नये अशी मी विनंती केली व साहेबांनी ती मान्य केली. शेख बदावींना जे विचारायचे राहिले ते तिच्याबद्दल होते.

नजलाला मी नाही म्हणाले त्याचे कारण हेच. तिचा पडला असे मी म्हटले तर माझाही पडला. माझ्या वेळी डक्टपलीकडे कोणी नव्हते. तिच्या वेळी मी होते.

नजलाने किंवा दुसऱ्या कोणी मला हा जबाब देण्यास भाग पाडलेले नाही. कोर्टात बोलावल्यास मी हेच सांगेन. नजलाला मामाकडे पाठवण्यासाठी गाडी बोलावली आहे असे मला सांगण्यात आले. ती माझ्यासमोर नको, मी तिच्याकडे पाहू शकणार नाही, असे मी म्हणाले, परंतु ती दारातून आत आली. एका पायात ठाण्यातल्या कोणाची तरी चप्पल होती. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही आज कुठे जाणार?"

मी अजून ठरवले नव्हते. समन्नूदला माझी बहीण आहे. बाहेर बाकावरची माझी पिशवी कोणीतरी आत आणून द्यावी. मी स्वतः ती मागायला गेले तर त्याच्याबरोबर घरी जाईन, अशी मला भीती वाटते.

हा जबाब मला दार बंद ठेवून सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तेच त्यात आहे, कमी नाही, जास्त नाही. सुरुवातीला नवऱ्याचे नाव म्हणून जे लिहिले आहे, तेवढे मात्र कागदाप्रमाणे आहे.