सहाचं राष्ट्रगीत

बँकॉकच्या लुम्पिनी बागेबाहेर, रोज संध्याकाळी सहाला कर्ण्यांवर राष्ट्रगीत वाजून गेलं की मी नारळपाण्याच्या रांगेत उभी असते. माझा व्यायाम तेवढाच. आज माझ्यापुढे बागेत फेऱ्या मारून आलेलं, घामाने निथळणारं साठीचं जोडपं होतं. नवरा तक्रार करत होता.

"बोलत बोलत पळालो, मजा आली. पण ओराथाई, निघताना तू फार वेळ लावतेस. आधी केस, मग बुटाच्या नाड्या, मग पुन्हा केस."

"बायका लावतातच."

"एकटी पळायचीस तेव्हा नव्हतीस लावत. खरं सांग."

"सहाचं राष्ट्रगीत तळ्याच्या वळणावर लागावं, म्हणून."

"वळणावर काय आहे?"

"तिथे तुम्हाला दम लागतो. ऑपरेशन झाल्यापासून."

"मी कधी बोललो?"

"तुम्ही कशाला बोलाल? कोसळाल, पण आपणहून थांबायचे नाही. राष्ट्रगीताला अख्खी बाग थांबते, मग तुम्हीही निमूट उभे राहता."

"रोज हिशेब करून निघतेस?"

"अंदाजाने हो. आमटीत मीठ घालतो तसं."

नारळ हातात आला, तो त्याने आधी तिच्यापुढे धरला.

"उद्या ते पुलापाशी लागू दे."

"पूल बराच पुढे आहे."

"ठाऊक आहे. वळणावर मी आपणहून थांबेन. जरा लवकर निघू."